थेंबांचे जवळून फोटो : दव, पाऊस आणि पानावरचं पाणी

मोहोर
५ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आम्ही निफाडकडचे. थंडी आता चांगली पडायला लागली आहे आणि सकाळी बांधावरचं गवत, गहू, द्राक्षाची पानं, सगळं ओलं असतं. जवळ जाऊन वाकून पाहिलं की एकेका थेंबात उलटं आभाळ दिसतं, उलटी बाग दिसते, कडेला बारीक काळी रेघ असते. हे फोटोत काही केल्या येत नाही. पांढरा ठिपका आणि भोवती हिरवा गोंधळ, एवढंच उरतं.

कॅमेरा कॅनन २००डी आहे. लेन्स दोन, १८-५५ मिमी आणि ५५-२५० मिमी एसटीएम. मॅक्रो लेन्सचा, म्हणजे अगदी जवळून मोठा फोटो काढणाऱ्या लेन्सचा, खर्च सध्या झेपणारा नाही. या थंडीत हे फोटो मनासारखे यावेत अशी फार इच्छा आहे. काय बदलावं लागेल?

वाटसरू
५ डिसेंबर, रात्री ९:३२

धागा वाचतोय. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे, त्याबद्दलही कुणी लिहिलं तर बरं होईल.

भिंगवाला
५ डिसेंबर, रात्री ११:०५

मोहोर, लेन्स हा या प्रश्नाचा निम्माच भाग. तो आधी मिटवू, मग खऱ्या विषयाकडे येतो.

तुमची ५५-२५० ही ८५ सेंटिमीटरच्या अलीकडे फोकस करत नाही आणि तिथं जास्तीत जास्त वस्तूच्या ०.२९ पट प्रतिमा देते. ही प्रतिमा ज्यावर पडते तो सेन्सर २२ मिमी रुंद आहे. म्हणजे चौकटीत साधारण ७७ मिमी रुंदीचा तुकडा मावतो आणि त्यात ३ मिमीचा थेंब रुंदीचा पंचविसावा हिस्सा व्यापतो. ठिपकाच दिसणार.

यावर सगळ्यात सोयीचा उपाय म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं जोडभिंग. रेनॉक्स डीसीआर-२५० हे +८ डायऑप्टरचं (भिंगाच्या ताकदीचं माप, चष्म्याच्या नंबरासारखं) आहे. ५२ ते ६७ मिमी फिल्टरच्या लेन्सवर दोन्ही बाजूंच्या खटक्या दाबून बसवता येतं, आणि तुमच्या लेन्सचं तोंड ५८ मिमी आहे. लेन्सचा फोकस अनंतावर (सगळ्यात दूर) ठेवून झूम १२५ वर नेलात तर एकास एक, म्हणजे सेन्सरवर थेंबाइतकीच, प्रतिमा मिळेल, २५० वर नेलात तर दुप्पट. थेंबापासून अंतर मात्र दोन्ही वेळा ११-१२ सेंटिमीटरच राहील. झूम कमी-जास्त करून थेंब लहान-मोठा करता येतो ही त्याची मोठी सोय.

दुसरा उपाय एक्स्टेंशन ट्यूबचा. यात काच नसते, लेन्स आणि बॉडीमध्ये नुसतं अंतर वाढतं. ५५ मिमीवर ३६ मिमीची ट्यूब लावली की साधारण ०.६५ पट मिळतं. घेताना विजेचे कॉन्टॅक्ट असलेल्याच घ्या. साध्या पोकळ ट्यूबवर कॅननच्या लेन्सचं अपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) कॅमेऱ्यातून बदलता येत नाही आणि थेंबांच्या कामात त्याशिवाय चालत नाही.

आता मुख्य मुद्दा. थेंब पारदर्शक आहे, त्याला स्वतःचा रंग नाही. त्याचा फोटो म्हणजे त्याच्या मागं, पुढं, बाजूला जे आहे त्याचा फोटो. म्हणून मी थेंब सगळ्यात शेवटी निवडतो. आधी मागं काय आहे ते बघतो, उजेड कुठून येतोय ते बघतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये कुठला थेंब येतो ते शोधतो. बहुतेक जण उलट करतात. सुंदर थेंब सापडला की तिथंच बसतात आणि मग मागं वाळलेला पाचोळा किंवा पांढरं आभाळ येतं.

तुम्ही जी काळी रेघ म्हणता तीही बाहेरूनच येते. थेंबाच्या कडेजवळून जाणारे किरण फार वळतात, त्यामुळे कडेला आपल्याला बाजूच्या वस्तू दिसतात. बाजूला गर्द झाडी किंवा काळी माती असेल तर कड ठसठशीत उमटते. चारी बाजूंनी पांढरं आभाळ असेल तर कड विरून जाते आणि थेंब पानावरचा डाग वाटतो. बाजूला काळोख नसेल तर तो तयार करायचा. थेंबाच्या डाव्या-उजव्या हाताला, चौकटीच्या जरा बाहेर, काळ्या कार्डाचा एकेक तुकडा धरून बघा. लगेच फरक दिसेल.

आता पांढरा ठिपका. सूर्य वर आला की प्रत्येक थेंब सूर्याचं प्रतिबिंब दाखवतो आणि तेवढा भाग जळून जातो. सूर्य उगवायच्या आधी उजेड अख्ख्या आभाळातून येतो, त्यामुळे थेंबावर मऊ, रुंद चमक पडते. मी सगळं सामान लावून सूर्योदयाच्या अर्धा तास आधी तयार असतो. फ्लॅश वापरायचाच तर उघडा नको. समोर ट्रेसिंग पेपरचा मोठा पडदा धरा, पडदा थेंबाच्या जितका जवळ तितकी चमक मऊ. एक्स्पोजर (फोटोत येणारा एकूण उजेड) दोन तृतीयांश स्टॉपनं कमी ठेवा आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच, काढा. गेलेला पांढरा भाग परत मिळत नाही, अंधारलेला उजळता येतो.

थेंबातल्या चित्राबद्दल उद्या सविस्तर लिहितो, तो वेगळाच विषय आहे.

शिवारफेरी
६ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी परभणीचा शेतकरी. फोटोतलं मला मोबाइलपुरतंच कळतं, पण दव कधी पडणार ते सांगू शकतो. रात्री आभाळ निरभ्र पाहिजे आणि वारा पडलेला पाहिजे. पानं आपली ऊब उघड्या आभाळाकडं सोडून गार होतात तेव्हा दव धरतं. ढग आले की पडत नाही. झाडाखालीही पडत नाही, वर फांद्यांचं छत असतं ना. म्हणून मोकळ्या रानात जा, बांधावरच्या बाभळीखाली शोधत बसू नका.

गव्हाला पाणी दिलंय त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा. प्रत्येक पात्याच्या शेंड्याला एकच टपोरा थेंब असतो, अगदी ओळीनं. त्याच्यासारखं चित्र दुसऱ्या पिकात नाही.

आणि हरभरा विसरू नका. पानावर बारीक लव असते आणि प्रत्येक केसाच्या टोकाला मोहरीहूनही लहान थेंब असतो. ते नुसतं दव नाही, ती आंब. आमच्याकडं रात्री हरभऱ्यावर स्वच्छ मलमलचं कापड पसरतात आणि पहाटे पिळून आंब धरतात, पोटदुखीवर ठेवतात. ती आंबट असते. हात लावला तर धुऊनच कॅमेऱ्याला हात लावा.

अर्कज्योत
६ डिसेंबर, सकाळी ९:१५

शिवारफेरींनी लिहिलंय ते अगदी बरोबर. त्यात एक भर. गव्हाच्या शेंड्याचा तो टपोरा थेंब दवाचा नसतो, रोपानंच बाहेर टाकलेला असतो. रात्री माती ओली आणि उबदार असते, हवा दमट असते, पानातून बाष्प बाहेर पडत नाही. मुळं मात्र पाणी ढकलत राहतात. मग ते पानाच्या टोकाला आणि दातेरी कडांना असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. इंग्रजीत याला गटेशन म्हणतात. द्राक्षाच्या पानाच्या प्रत्येक दात्याला एकेक थेंब बसलेला असतो तो हाच. टोमॅटो आणि स्ट्रॉबेरीलाही दिसतो.

फोटोसाठी या माहितीचा थेट उपयोग होतो. दव पानभर विखुरलेलं असतं, त्यातला एक थेंब वेगळा काढणं कठीण. हे थेंब ठरलेल्या जागी, अंतर सोडून बसतात आणि पात्याच्या टोकाला जवळपास गोल असतात. शिवाय हे ढगाळ रात्रीनंतरही मिळतात. दव नाही म्हणून सकाळ वाया जात नाही.

हरभऱ्याच्या आंबेत मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं, म्हणून ती आंबट.

मोहोर
६ डिसेंबर, दुपारी १:२०

किती छान माहिती! द्राक्षाच्या दात्यांवरचे थेंब रोज बघते, ते दव नाही हे आज कळलं. आमच्या घरात दव म्हटलं की काळजीच असते, पानं जास्त वेळ ओली राहिली की डावणी हा वेलीचा रोग येतो. त्यामुळे सासरे दव बघून फवारणीचा हिशेब करतात आणि मी कॅमेरा घेऊन निघते.

शिवारफेरी
६ डिसेंबर, दुपारी २:०५

ताई, फवारणी झालेल्या बागेत लगेच तोंड पानाजवळ नेऊ नका. औषधाच्या डब्यावर जितके दिवस आत जायचं नाही म्हणून लिहिलंय तितके दिवस थांबा. थेंब कुठंही मिळतील.

भिंगवाला
६ डिसेंबर, रात्री १०:४०

शिवारफेरींच्या या सूचनेला पूर्ण अनुमोदन.

आता थेंबातलं चित्र. हे नीट समजलं तर निम्म्याहून जास्त फोटो सुधारतात.

गोल थेंब हे छोटं भिंग आहे. पाण्याचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो त्याचं माप) १.३३ धरून हिशेब केला तर मागच्या दूरच्या वस्तूची उलटी प्रतिमा थेंबाच्या मध्यापासून साधारण त्याच्या व्यासाइतक्या अंतरावर पडते, आणि ती पडते कॅमेऱ्याच्या बाजूला. म्हणजे ३ मिमीचा थेंब असेल तर त्यातलं फूल थेंबाच्या मध्याच्या ३ मिमी पुढं, हवेत असतं. आपल्याला वाटतं ते थेंबाच्या आत आहे. म्हणून थेंबाच्या कडेवर फोकस केला की फूल धूसर येतं आणि फुलावर केला की कड धूसर. कॅमेरा बिघडलेला नसतो.

एकास एक प्रतिमेला, रेनॉक्स लावून, एफ/११ अपर्चरवर स्पष्ट येणारी खोली जेमतेम अर्धा मिमी मिळते. ३ मिमीचं अंतर तिच्यात मावणार नाही. मग तीन वाटा आहेत. पहिली, लहान थेंब निवडा. दीड मिमीच्या थेंबाला ते अंतरही दीड मिमीच असतं. दुसरी, थोडं लांबून काढा आणि नंतर कापा, कारण प्रतिमेचा आकार कमी केला की खोली झपाट्यानं वाढते. तिसरी, दोन फोटो काढा, एक कडेवर आणि एक फुलावर, आणि नंतर एकत्र करा. तिसरीला वारा अजिबात चालत नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथंच सांगतो. मॅक्रो लेन्स किंवा ट्यूबवर एकास एक प्रतिमा काढताना अपर्चरचा आकडा प्रत्यक्षात दुप्पट होतो. लिहिलेलं एफ/११ हे एफ/२२ सारखं वागतं, आणि त्यापुढं गेलं की सगळंच मऊ पडायला लागतं. जोडभिंगात लेन्स अनंतावर असेल तर आकडा वाढत नाही. म्हणून ट्यूबवर एफ/८ ते ११ आणि रेनॉक्सवर एफ/११ ते १६ असं ठेवा. एकच सेटिंग दोन्हीकडं वापरल्यामुळे निकालात फरक पडतो आणि लोक भिंगाला दोष देतात.

फूल थेंबाच्या मागं ५ ते १० सेंटिमीटरवर ठेवा आणि उजेड थेंबावर न पाडता फुलावर पडू द्या. थेंबात फूल सुलट दिसायला हवं असेल तर मागं ते उलटं धरा. झेंडू, शेवंती, असं भरगच्च गोल फूल सगळ्यात चांगलं उमटतं. निसर्गाचाच फोटो हवा असेल तर फूल न आणता बागेतली ओळ, डोंगराची रेघ, उगवतीचा रंग मागं घ्या. मला स्वतःला हे जास्त आवडतं.

वाटसरू
७ डिसेंबर, सकाळी ८:००

भिंगवाला काका, थेंब टिकावा म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळून सुईनं ठेवतात असे व्हिडिओ खूप आहेत. ते चालेल का?

निळावंती
७ डिसेंबर, सकाळी ११:३०

घरात कुंडीतल्या फुलावर खुशाल करा. ग्लिसरीनचा थेंब वाळत नाही, घसरत नाही, आणि त्याचा अपवर्तनांक १.४७ असल्यानं चित्रही वेगळं दिसतं. पण त्याला दव म्हणून टाकू नका. फोटोखाली "थेंब ठेवलेला आहे" इतकं लिहिलं की झालं. रानात मात्र करू नये, असं माझं ठाम मत आहे. कोळ्याच्या जाळ्यावर स्प्रेनं पाणी मारणारे लोक मी पाहिलेत. रात्री विणलेलं जाळं त्या वजनानं फाटतं आणि कोळी उपाशी राहतो. एका फोटोसाठी हे कशाला?

जाळ्यावर आपोआप पडलेलं दव कुठल्याही स्प्रेहून सुंदर असतं. धाग्यावरचं पाणी सलग राहू शकत नाही, पृष्ठताणामुळे तुटून ठरावीक अंतरावर मणी होतात. जाळ्याला समांतर उभे राहा म्हणजे सगळे मणी एका पातळीत येतील. मागं सावलीतली झाडी घ्या आणि उजेड समोरून येऊ द्या.

पावसाळ्याच्या अखेरीस कासला जाणाऱ्यांसाठी एक विनंती. तिथं ड्रॉसेराच्या, म्हणजे दवबिंदू म्हणतात त्या कीटकभक्षी झाडाच्या पानांवर लाल केसांच्या टोकांना चमकते थेंब असतात. ते पाणी नाही, किडे पकडायचा चिकट द्रव आहे. दुपारच्या उन्हातही तो टिकतो, त्यामुळे पहाटे गर्दी करायची गरज नाही. झाड बोटाएवढं असतं आणि त्याच्या फोटोसाठी आडवं पडताना आजूबाजूची दहा झाडं चिरडतात. वाटेच्या कडेला जे मिळेल तेवढ्यावर थांबावं. २०१२ पासून हे पठार जागतिक वारशात आहे. आपण तिथं पाहुणे आहोत.

भिंगवाला
७ डिसेंबर, दुपारी १२:१०

निळावंतींशी बहुतांशी सहमत. एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. अंगणातल्या गवतावर साध्या पाण्याचा फवारा मारून सराव करण्यात मला काही वावगं वाटत नाही. फोकस कुठं पडतो, कड कशी येते, हे शिकायला पहाटेची वाट बघत बसलं तर थंडी संपून जाते.

कातळसडा
७ डिसेंबर, रात्री ८:४५

रत्नागिरीहून. आमच्याकडे दवापेक्षा पावसाचं पाणी जास्त, म्हणून अळूबद्दल लिहितो. अळवावरचा थेंब लहान असेल तर मण्यासारखा गोल राहतो, साधारण ३ मिमीच्या पुढं गेला की स्वतःच्या वजनानं चपटा होतो. पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, पाणी त्यांच्या टोकांवरच टेकतं आणि खाली हवा अडकते. त्या हवेवरून उजेड परत फिरतो म्हणून थेंबाचा तळ चांदीसारखा चमकतो. ही चमक वरून नीट दिसत नाही. कॅमेरा पानाच्या जवळपास पातळीत आणा, एका कोनाला तळ अचानक उजळतो. तो कोन शोधायला वेळ द्या, फोटो तिथंच आहे.

गुलाबाच्या पाकळीचं उलट. थेंब गोल राहतो पण चिकटून बसतो, पाकळी उलटी केली तरी पडत नाही. थेंबात मागचं चित्र पकडायचं असेल तर अळवापेक्षा गुलाब बरा. अळवावरचा थेंब वाऱ्याच्या झुळकीनं पळतो.

गवतात आडवं पडण्याआधी काठीनं आपटून घ्या. फुरसं पालापाचोळ्यात दिसत नाही.

अर्कज्योत
७ डिसेंबर, रात्री ९:३०

वाटसरू, मोबाइलबद्दल तुमचा प्रश्न राहून गेला. अनेक स्वस्त फोनांत २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा असतो, तो वापरू नका. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याची मॅक्रो लेन्स लावली तर त्याहून पुष्कळ चांगलं येतं. थेंबावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर पक्कं होतं, मग उजेड थोडा खाली ओढा. बटण दाबताना हात हलतो म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा. फोनची सावली थेंबावर पडू नये यासाठी उजेड बाजूनं घ्या.

मोहोर
१४ डिसेंबर, रात्री ८:२०

रेनॉक्स आलं! आज पहाटे गव्हात गेले. कपडे वाळत घालायचा चिमटा जाड तारेला बांधून पातं पकडलं, त्यानं वाऱ्याचा त्रास एकदम कमी झाला. भिंगवाला काका, काळ्या कार्डाचा परिणाम बघून मी थक्क झाले. कड अक्षरशः कोरल्यासारखी आली. तीन फोटो खाली जोडलेत. सेटिंग एफ/१३, १/२००, आयएसओ ८००, झूम १३५च्या आसपास.

दोन अडचणी आहेत. थेंबात बागेची ओळ आली पण तिरपी. आणि घरातून बाहेर नेल्यावर भिंगावर बाष्प धरतं का, याची भीती वाटते.

कातळसडा
१४ डिसेंबर, रात्री ९:००

तुमच्याकडे पहाटे घरात ऊब आणि बाहेर गार, त्यामुळे बाहेर जाताना सहसा धरत नाही. परत घरात आणताना धरतं. कॅमेरा बॅगेत बंद करून आणा आणि तासाभरानं उघडा. ओलसर लेन्स तशीच डब्यात गेली की बुरशी लागते, आमच्या कोकणात तर हमखास. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवा.

भिंगवाला
१४ डिसेंबर, रात्री ९:५०

दुसरा फोटो फार चांगला आहे, मोठा करून बघितला. पात्याची शीर थेंबाच्या मुळाशी जिथं जाड झालेली दिसते, ते भिंगाचं काम तुम्ही नेमकं पकडलंय.

ओळ तिरपी येते कारण कॅमेरा तिरपा आहे. पातं सरळ दिसावं म्हणून तुम्ही कॅमेरा वळवला, त्याबरोबर मागची जमीन वळली. कॅमेरा क्षितिजाला समांतर ठेवा आणि चिमट्याची तार वाकवून पातं सरळ करा. पहिल्या फोटोत डावीकडं वरच्या कोपऱ्यात उजळ पट्टा आहे, तो ठिबकच्या नळीचा असावा. एक पाऊल उजवीकडं सरकलात तर नळी जाईल आणि मागं नुसती वेल राहील. तिसऱ्यात फोकस कडेवर आहे. कॅमेरा दोन-तीन मिमी मागं घेऊन आणखी एक काढला असता तर आतली बागही स्पष्ट मिळाली असती. फोकसची रिंग फिरवू नका, तुम्हीच किंचित मागं-पुढं डोला आणि सलग फोटो काढा, त्यातला एक बरोबर पडतो.

पुढच्या पाण्याची पाळी कधी आहे? त्याच्या दुसऱ्या पहाटेचे फोटो उभ्या चौकटीत काढून इथं टाका.

मोहोर
१४ डिसेंबर, रात्री १०:१५

गुरुवारी रात्रपाळीची वीज आहे, तेव्हाच गव्हाला पाणी देणार आहेत. शुक्रवारी टाकते.